'चालायचंच' म्हणू नका

आई-बाबांनो,

मुलाला फिट येते हे कळलं की बहुतेक घरांत सारखंच घडतं. आजी दृष्ट काढते, कुणीतरी अंगारा आणून देतं, कुणी हळूच आईच्या माहेरच्यांची चौकशी करतं. शाळेत सांगायचं नाही, शेजारी कळू द्यायचं नाही, असं ठरतं. मग डॉक्टर होतात, औषध सुरू होतं, फिट्स कमी होतात. पण पुरत्या थांबत नाहीत. महिन्यातून एक, कधी दोन. हळूहळू घराला त्याची सवय होते. मी ओपीडीत विचारते, "फिट्स कशा आहेत?" उत्तर येतं, "बऱ्या आहेत डॉक्टर, नेहमीच्याच येतात. चालायचंच."

या 'चालायचंच'बद्दल मला आज तुमच्याशी मनापासून बोलायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की योग्य निदान आणि योग्य उपचार मिळाले, तर अपस्मार (एपिलेप्सी, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार) असलेल्या शंभरांपैकी सत्तरपर्यंत माणसं फिट्सशिवाय जगू शकतात. उरलेल्यांसाठीही आज शस्त्रक्रिया आहे, विशेष आहार आहे, जनुक तपासून निवडलेलं औषध आहे. पण यातला प्रत्येक उपचार वेळेत गाठावा लागतो. कुठे हातात पाच मिनिटं असतात, कुठे थोडे दिवस, तर कुठे एक-दोन वर्षं. ती वेळ गेली की तोच उपचार कमी फळतो. म्हणून 'नेहमीच्याच' फिट्सशी तडजोड करू नका, एवढं मागणं मागायला मी बसले आहे.

त्याआधी मनावरचं ओझं उतरवू या. मेंदूतल्या पेशी विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी एकमेकींना निरोप देतात. पुष्कळ पेशींनी एकाच वेळी, बेसुमार लहरी सोडल्या की फिट येते. याची कारणं अनेक आहेत. जन्मताना प्राणवायू कमी पडला, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार उतरली, गर्भातच मेंदूचा एखादा भाग वेगळा घडला, मेंदूज्वर झाला, डोक्याला मार लागला, जनुकात बदल झाला. पुष्कळदा कारण सापडतही नाही. गरोदरपणी ग्रहण पाहिलं, कुणाची नजर लागली, आईने हे खाल्लं नि ते खाल्लं नाही, यांचा काहीही संबंध नाही. जनुकातला दोष सापडला तरी तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतोच असं नाही. कित्येकदा तो त्या मुलातच नव्याने घडलेला असतो. तेव्हा सासर-माहेरचा हिशोब मांडू नका. त्यात जी शक्ती जाते, ती मुलाला लागणार आहे.

प्रत्येक फिट म्हणजे अपस्मार नव्हे, हेही लक्षात असू द्या. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. बघताना आई-बाबांचा जीव जातो, पण साधी, थोडक्यात थांबलेली तापातली फिट मेंदूला इजा करत नाही. यातल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही आणि रोजचं औषधही लागत नाही.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. चांगल्या धडधाकट मुलाला अचानक फिट येते, स्कॅनमध्ये मेंदूत छोटी गाठ दिसते आणि घर हादरतं. कॅन्सर तर नाही ना? पुष्कळदा ती फीतकृमीच्या अळीची गाठ असते. या कृमीची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातल्या मुलालाही हा आजार होतो. एकच लहान गाठ असेल तर ती बहुधा काही महिन्यांत विरते. योग्य उपचार घेतले की यातली पुष्कळ मुलं पूर्ण बरी होतात. घाबरून डॉक्टर बदलत हिंडण्यापेक्षा पुढचा स्कॅन ठरल्या तारखेला करून घ्या.

आता त्या पाच मिनिटांकडे येते. फिट आली की आधी घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर वाहून जाईल. डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, आसपासचं स्टूल किंवा गरम भांडं दूर सारा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नका. दातखीळ आपोआप सुटते, चमच्याने दात मात्र तुटतात. पाणी पाजू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, म्हणून कांद्याचा गुण आला असं वाटतं.

पाच मिनिटं उलटली तर मात्र फिट आपली आपण थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि लांबलेली फिट मेंदूला घातक ठरू शकते. अशा वेळी पूर्वी बहुधा दवाखाना गाठून शिरेतून इंजेक्शन घ्यावं लागे. आता मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा घरात ठेवता येतो. गेल्या काही वर्षांत मुलांच्या उपचारात झालेल्या बदलांतला हा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो थेट आईच्या हातात आला आहे. पण बाटली नुसती कपाटात असून भागत नाही. किती फवारे, कोणत्या नाकपुडीत किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हे प्रमाण वजनावर ठरतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या एका फवाऱ्यातलं औषध कमी-जास्त असू शकतं. दुकानदाराने दुसरी बाटली दिली तर आधी विचारा. नवी बाटली वापरण्यापूर्वी साधारणपणे हवेत काही फवारे मारून ती चालू करून घ्यावी लागते. घाबरलेल्या क्षणी हे सुचत नाही. बाटली आणाल त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा नर्सला विचारून पद्धत शिकून घ्या. एक बाटली घरी, एक शाळेत. दर काही महिन्यांनी मुदत बघा, वजन वाढलं की डोस पुन्हा विचारा. फवारा मारत असताना घरातल्या दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा, हेही आधीच ठरवून ठेवा. फिट पहिलीच असेल, एकामागून एक येत असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर पाच मिनिटांची वाट न बघता रुग्णालयात न्या.

यापेक्षा कितीतरी शांत दिसणारी, आणि म्हणूनच निसटून जाणारी एक फिट आहे. बाळ पाच-सहा महिन्यांचं. नुकतंच झोपेतून उठलेलं. एकाएकी मान पुढे झुकते, दोन्ही हात बाहेर फेकले जातात, पोट आवळतं, पाय वर येतात. क्षणभरच. पुन्हा अंग सैल. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असं दहा-वीस वेळा लागोपाठ होतं आणि शेवटी बाळ रडतं. घरात कुणी म्हणतं पोटात मुरडा आला, कुणी म्हणतं दचकतंय. ग्राइप वॉटर दिलं जातं. त्याच सुमारास बाळ ओळखीचं हसणं विसरायला लागतं, नजर देईनासं होतं.

१८४१ साली इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी नेमके हेच झटके वर्णन केले होते, आणि ते बाळ त्यांचं स्वतःचं होतं. त्या काळच्या रीतीप्रमाणे जळवा लावून झाल्या होत्या, रेचकं देऊन झाली होती, उतार नव्हता. असा रुग्ण कुणी पाहिला आहे का, काही उपाय सुचतो का, असं तो बाप आपल्या व्यवसायबंधूंना विचारत होता. त्याच्या हयातीत उत्तर मिळालं नाही. आज त्या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात आणि आपल्याकडे उत्तर आहे: एसीटीएचची इंजेक्शनं, मोठ्या मात्रेतलं प्रेडनिसोलोन किंवा विगाबॅट्रिन. अट एकच, उशीर नको. उपचाराला जितका विलंब, तितका चौथ्या वर्षी मुलांचा विकास मागे पडलेला, असं ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून असे लागोपाठचे झटके दिसले की मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपेतला ईईजी (मेंदूतल्या लहरींचा आलेख) लवकरात लवकर व्हायला हवा. पुढच्या महिन्याच्या लसीच्या वेळी विचारू, असं करू नका.

व्हिडिओचं महत्त्व एरवीही तितकंच आहे. फिट आम्हाला क्वचितच दिसते. दिसते ती तुम्हाला. ईईजी अर्ध्या-पाऊण तासाचा असतो आणि तो नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही, असं होत नाही. सुरुवात कुठल्या हातापासून झाली, डोळे कुठल्या बाजूला वळले, मूल हाक मारल्यावर ओ देत होतं का, हे व्हिडिओत नीट दिसलं तर निदानाची दिशा बदलते. वर्गात मध्येच काही सेकंद टक लावून बसणारी, पेन्सिल हातात तशीच धरून राहणारी मुलगी 'लक्ष देत नाही' म्हणून ओरडा खाते; तिलाही एक प्रकारची फिट येत असू शकते.

औषधांचं म्हणाल, तर १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आलं, १९३८ मध्ये फेनिटॉइन, आणि आज वीसहून अधिक औषधं आहेत. तरीही एक गोष्ट माहीत असू द्या. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली, आधी कोणतंच औषध न घेतलेल्या ४७० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या औषधाने ४७ टक्के जणांच्या फिट्स थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयत्नांनी मिळून फक्त ४ टक्क्यांच्या. यावरूनच पुढे जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं की नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं हरली, तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणायचं आणि मुलाला मोठ्या केंद्रात पाठवायचं. तिसरं, चौथं, पाचवं औषध चाखत वर्षं घालवायची नाहीत.

अर्थात औषध हरलं म्हणण्याआधी ते खरोखर पोटात गेलं का, हे तपासायला हवं. सहलीच्या गडबडीत राहिलेली गोळी, लग्नघरी बुडालेला रात्रीचा डोस, औषध संपल्यावर चार दिवसांनी आणलेली नवी बाटली, यांनी येणाऱ्या फिट्स पुष्कळ असतात. दुष्परिणाम दिसला तर औषध आपल्या मनाने कमी करू नका. एकदम बंद केल्याने न थांबणारी फिट येऊ शकते. पण तो सोसतही बसू नका. लेव्हेटिरासिटॅमने काही मुलं फार चिडचिडी होतात, आदळआपट करतात. मूल हट्टी झालं म्हणून त्याला मार देण्याआधी डॉक्टरांना सांगा. नव्या औषधावर अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी दाखवा. मुलगी वयात येत असेल आणि तिला व्हॅलप्रोएट चालू असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. या औषधाने गर्भाला व्यंग येण्याचा आणि पुढे त्या बाळाचा बौद्धिक विकास मागे पडण्याचा धोका असतो, त्यामुळे शक्य असेल तिथे बदल वेळेआधी करावा लागतो.

आणि शस्त्रक्रिया. मेंदूची शस्त्रक्रिया म्हटलं की आई-बाबांचे चेहरे उतरतात, ते स्वाभाविक आहे. म्हणून आपल्याच देशातला पुरावा सांगते. दिल्लीच्या एम्समध्ये औषधाला दाद न देणाऱ्या अपस्माराच्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी मुलं १८ वर्षांच्या आतली आणि शस्त्रक्रियेला योग्य ठरलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या गटाची औषधं चालू राहिली. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती. औषधांवरच्या गटात ७ टक्के. दुसरी बाजूही सांगायला हवी. शस्त्रक्रिया झालेल्यांतल्या साधारण एकतृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाला, त्यात मुख्यतः अंगाच्या एका बाजूची दुर्बलता होती. मेंदूच्या कोणत्या भागावर काम करायचं, यावरून तिचा अंदाज बहुधा आधीच बांधता येतो आणि तो तुम्हाला स्पष्ट सांगितला जातो. प्रत्येक मुलाला शस्त्रक्रिया लागू पडत नाही. त्यासाठी खास पद्धतीचा एमआरआय आणि काही दिवस रुग्णालयात राहून व्हिडिओसह ईईजी करावा लागतो. तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था हे काम १९९५ पासून करते आहे; मुंबई-पुण्यातही या शस्त्रक्रिया होतात. तपासणीसाठी जाणं म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणं नव्हे. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन सरकारी योजनेची चौकशी करा. मात्र लहान वयात मेंदू नव्याने जुळवून घेऊ शकतो. तो काळ वाट बघण्यात घालवू नका.

ज्यांना शस्त्रक्रिया लागू नाही, त्यांच्यासाठी कीटोजेनिक आहार आहे. हे इंटरनेटवरचं वजन उतरवण्याचं खूळ नव्हे. १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी सुचवला. लंडनमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, आहार न घेणाऱ्यांत ६ टक्क्यांच्या. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ असा की तूप, लोणी, खोबरेल, अंडी, पनीर भरपूर; भात, पोळी, साखर जवळजवळ नाही. प्रत्येक घास वजनकाट्यावर. खोकल्याच्या गोड सिरपमधली साखरसुद्धा मोजायची. आजीने मायेने हातावर ठेवलेला एक पेढा सगळं बिघडवू शकतो, म्हणून हा आहार घरातल्या प्रत्येकाला समजावून, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचा. ग्लुट-१ या दुर्मीळ जनुकीय दोषात तर हा आहार हाच मुख्य उपचार असतो.

जनुकांच्या तपासणीने आणखी एक मोठी गोष्ट केली: कोणतं औषध द्यायचं नाही, हे कळू लागलं. सहा महिन्यांच्या आसपास तापात वारंवार, लांबलचक, कधी एकाच अंगाला येणाऱ्या फिट्स असतील तर ड्रावे सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. त्यातल्या बहुतेक मुलांत एससीएन१ए या जनुकात बदल असतो. हे २००१ मध्ये कळलं. या मुलांना कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांसारख्या औषधांनी फिट्स वाढू शकतात. वर्षानुवर्षं बिघडत गेलेलं मूल, औषध बदलताच सावरलेलं मी पाहिलं आहे. हृदयाच्या झडपांवरच्या परिणामांमुळे १९९७ मध्ये बाजारातून काढलेलं फेनफ्लुरामिन हे वजन घटवण्याचं औषध, कमी मात्रेत आणि हृदयाच्या तपासणीसह, २०२० मध्ये अमेरिकेत ड्रावेसाठी मान्य झालं. जे दार काल बंद होतं ते असं उघडतं, म्हणून 'यापुढे काही नाही' हे वाक्य एका भेटीत ऐकलं तरी वर्षभराने पुन्हा विचारा.

एक अवघड गोष्ट सांगते, कारण ती जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. अपस्मार असलेल्या काही जणांचा अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू होतो. मुलांत हे फार क्वचित घडतं. वर्षाला साधारण साडेचार हजारांत एक. रात्री येणाऱ्या, हातपाय आकडणाऱ्या फिट्स आटोक्यात नसतील तर धोका वाढतो. भीती दाखवण्यासाठी हे लिहीत नाही. 'नेहमीच्याच' फिट्सही थांबायला हव्यात, असं मी पुनःपुन्हा का म्हणते, ते तुम्हाला पटावं म्हणून लिहिते आहे.

उरलं लपवणं. वर्गशिक्षिकेला सांगा, फिट आली तर काय करायचं, हे शाळेतल्या एकाला तरी यायलाच हवं. मुलाला खेळू द्या, सहलीला पाठवा. पोहताना मोठं माणूस सोबत हवं, विहिरीवर आणि शेततळ्यावर एकटं नको, न्हाणीघराला आतून कडी नको. एवढी खबरदारी पुरते. मुलीच्या लग्नाची चिंता आजच करून तिचं औषध चोरून देऊ नका. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण होतं, ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं आहे. कायदा पुढे गेला. आपल्या घरानेही जायला हवं. दरवाजाआड औषध घेणारं मूल हळूहळू असं शिकतं की आपल्यात लाज वाटण्यासारखं काही आहे. फिटपेक्षा ही शिकवण जास्त काळ टिकते.

पुढच्या तारखेला जाताना वहीत फिट्सच्या तारखा लिहून न्या, मोबाइलमध्ये व्हिडिओ न्या, आणि डॉक्टरांना हे विचारा: माझ्या मुलाला नेमका कोणत्या प्रकारचा अपस्मार आहे? कारण शोधण्यासाठी आणखी कोणती तपासणी उरली आहे? फिट लांबली तर घरी काय द्यायचं, किती द्यायचं? दोन औषधं झाली असतील, तर शस्त्रक्रियेच्या किंवा आहाराच्या केंद्रात आम्हाला कधी पाठवाल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. त्यांचं काम सोपं होतं. मूल स्वतःसाठी हे विचारू शकत नाही. तुम्ही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.